गवंडीण

ऊन तापायला लागलं होतं, गावात जिकडे तिकडे बांधकामं निघाली होती आणि गवंडी घरात बसून होता. बांधकामाच्या दिवसांत गवंडी भरदुपारी घरी सापडणं ही काही चांगली गोष्ट नव्हे. दारातल्या बाजेवर तो पडून असे. रस्त्यानं विटा भरलेला ट्रॅक्टर गेला की उठून आत जाई, आणि धूळ खाली बसली की पुन्हा बाहेर येऊन पडे.

आदल्या वर्षी बांबूच्या परांचीची फळी सरकून तो उजव्या खांद्यावर आपटला होता. हाड जुळलं, पण जसं जुळायला हवं तसं नाही. हात पुढे येई, मागे जाई, घास तोंडापर्यंत नेई. खांद्याच्या वर मात्र काही केल्या उचलला जात नसे. दुसऱ्या एखाद्या धंद्यात एवढ्या हातावर निभावलं असतं. पण कमरेइतकी भिंत कुणीही बांधील, गवंडी लागतो तो त्याच्या वरच्या भिंतीला. त्याला बोलावणं यायचं थांबलं. आधी लोक घरी येऊन विचारपूस करून जात, मग रस्त्यातूनच हात करून जात, आणि पुढे पुढे हातही करेनासे झाले.

त्याच्या बायकोला गाव गवंडीण म्हणे. डॉक्टरांची डॉक्टरीण, मास्तरांची मास्तरीण, तशी गवंड्याची गवंडीण. तिनं आयुष्यात कधी वीट रचली होती म्हणून नव्हे. लग्न झाल्यापासून ती त्याच्या हाताखाली बिगारी होती. वाळू चाळायची, सिमेंट-वाळूचा माल कालवायचा, घमेलं चुंबळीवर ठेवून वर पोचवायचं. वरून तो थापीनं विटेवर टकटक करी आणि म्हणे, "माल." की ही धावलीच. एकुलती एक लेक झाली, वाढली, लग्न होऊन सासरी गेली, ते सगळं ह्या टकटकीच्या अधेमधेच झालं.

तो पडल्यावर ती लांब्याच्या हाताखाली जाऊ लागली. लांब्या हा गावातला दुसरा गवंडी, अंगानं ताडमाड आणि तोंडानं सैल. तो नुसता माल म्हणून थांबत नसे. गवंडीणबाई, जरा पाय उचला, लाड करायला मी काही तुमचा गवंडी नाही, असं काहीबाही पुढे जोडी आणि बाकीचे हसत. ती डोक्यावरचं घमेलं सावरत पुढे जाई आणि घरी त्यातलं अवाक्षर काढत नसे. गवंड्याला ते कळायचं राहत नसेच. असल्या गोष्टी घरपोच आणून देणारी माणसं गावात पुष्कळ असतात.

बाजाराच्या गावी गवंडीकाम शिकवायचं केंद्र निघालं होतं. तिथले मास्तर एक दिवस कामावर आले आणि म्हणाले की ह्या खेपेला बायकाही हव्यात. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. हयातभर भिंती बांधून गुडघे गेलेले म्हातारे गवंडीच होते ते. बायका तोंड दाबून हसल्या. मास्तरांनी गवंडिणीला विचारलं, इतकी वर्षं माल वाहिलास, भिंतीकडे कधी पाहिलंस का?

"दुसरं काय पाहणार होते?" ती म्हणाली.

घरी जेवताना तिनं विषय काढला तेव्हा गवंडी भाकरी मोडत राहिला. बोलली ती सासू. सासूला कमी ऐकू येई, पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकू येई. शिकताना हाताला काही मिळतं का, असं तिनं विचारलं, आणि थोडंफार मिळतं म्हटल्यावर तिनं निकाल देऊन टाकला. कोनाड्यात एक थापी नुसती गंजतेय, ती घेऊन जा म्हणाली. गवंडी ताटावरून उठून बाहेर गेला. थापी त्यानं काढून दिली नाही, पण सकाळी ती पिशवीत टाकताना अडवलंही नाही. सुनेनं एवढ्यालाच होकार समजून वाट धरली.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक शेड. आत जवान पोरं आणि बोटांवर मोजण्याइतक्या बायका. दिवसभर मातीच्या गाऱ्यात भिंत बांधायची, ओळंब्याची दोरी सोडून ती सरळ आहे का ते मास्तरांना दाखवायचं, आणि संध्याकाळी आपली आपणच पाडून, विटा घासून, थप्पी लावून घरी जायचं. पहिल्या संध्याकाळी भिंत पाडताना तिला रडू फुटलं. मास्तर म्हणाले, रडतेस कशाला, ह्या भिंतीला तसंही पोट सुटलं होतं.

वीट हातात पेलायची, एका फटक्यात माल पसरायचा, वीट टेकवून थापीच्या मुठीनं दाबायची, बाहेर आलेला माल त्याच हातानं निपटून घ्यायचा. बघायला काहीच नाही. इतकी वर्षं खालून बघत होती तर वाटायचं, डोळे मिटून जमेल. मनगट सुजलं, बोटांची सालं गेली, घास घेताना हात थरथरू लागला. घरी सासू तिच्या बोटांना तेल लावून देई. गवंडी बाजेवरून बघे आणि तोंड फिरवी. एकदाच, तिनं हवेत थापीचा हात करून पाहिला तेव्हा, तो न राहवून म्हणाला, "मनगट नाही, कोपर फिरव." आणि बोलल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखा उठून गेला.

हात बसला. तिचं खरं दुखणं निराळंच होतं. माल संपला की ती थापी ठेवून परांचीवरून उतरे आणि स्वतः घमेलं भरून आणी. पायांना लागलेली सवय, ती डोक्याला विचारत नाही. मास्तर चिडत. गवंडी खाली उतरला की भिंत थांबते, तू वरूनच माल मागायचा, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. ती मागे, पण असं की कुणाच्या कानात गुपित सांगावं. शेवटी एक दिवस त्यांनी सगळ्यांचं काम थांबवून तिला ओरडायला लावलं. पोरं खिदळत होती. तिचा चेहरा तापला, कान लाल झाले, आणि मग जे काय तोंडातून बाहेर पडलं ते पत्र्यावर आदळून घुमलं. "माल!" एक पोरगा दचकून धावलाच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि आतून फार बरंही वाटलं. त्या दिवसापासून ती परांचीवरून उतरायची थांबली.

शेवटच्या भिंतीला मास्तरांनी वरून खालपर्यंत ओळंबा लावून बघितला, पुन्हा बघितला, आणि ही भिंत पाडू नका म्हणाले.

गावाबाहेर रस्त्यालगत धान्याचं गोदाम बांधायचं चाललं होतं. ठेकेदार तरुण होता, मान ठेवून बोलणारा. ती काम मागायला गेली तेव्हा तो हसला नाही. मागची भिंत देतो म्हणाला. फक्त जोडी तुमची तुम्ही आणा वहिनी, एवढीच अट घातली. अट वावगी नव्हती. गवंडी आणि बिगारी जोडीनंच कामाला येतात. आपला बिगारी ज्यानं त्यानं आणायचा, ही रीतच आहे. त्यानं बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत दिली. तोवर जोडी आली नाही, तर लांब्याकडे घमेलं तयारच होतं.

ती घरोघर फिरली. बायका आपापल्या नवऱ्यांच्या हाताखाली अडकलेल्या. पुरुषांना विचारलं, तर बाईच्या हाताखाली माल वाहायचा म्हटल्यावर एकेकाची पाठ दुखायला लागली. एकाचा गुडघा धरला. एकानं विचार करतो म्हणून सांगितलं आणि पुढे तिला पाहिलं की गल्ली बदलू लागला. बाजाराचा दिवस उद्यावर आला. इतकं शिकून पुन्हा लांब्याची टकटक ऐकायची, ह्या विचारानं रात्री तिनं ताट तसंच बाजूला सारलं.

गवंडी समोरच जेवत होता. सासूनं दोघांकडे बघितलं आणि लेकाला म्हणाली, "एक हात गेला. दुसरा काय शोभेला ठेवलायस?"

तो जेवता जेवता थांबला. सुनेला वाटलं, आता ताट भिरकावतो. त्यानं ताटात पाणी ओतलं आणि उठला. सकाळी ती बाहेर पडली तर तो दाराशी डाव्या हातात घमेलं घेऊन उभा होता. वाटेनं दोघं पुढेमागे चालत होती. वस्ती संपल्यावर तो म्हणाला, "एक सांगून ठेवतो. मला हाक मारायची नाही. माल कधी लागतो ते मला कळतं. लोकांदेखत तू वरून ओरडणार आणि मी धावणार, हे व्हायचं नाही."

"नाही मारणार हाक," ती म्हणाली. त्या वेळी तिनं काहीही कबूल केलं असतं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. बरे कसले, तिला तर ते सुखाचेच वाटले. त्याच्यासारखा बिगारी गावात कुणाला मिळाला नव्हता. घमेलं तो डाव्या खांद्यावर घेई आणि तिची थापी तळाला टेकायच्या आत दुसरं घमेलं शेजारी येऊन बसे. वीट हवी त्या बाजूनं हातात येई. दोरी ढिली पडली तर न बोलता ओढून देई. बोलणं नाहीच, पण भिंत दोघांच्या मधोमध सरळ वर चढत होती. लांब्या पुढच्या भिंतीवर होता. गवंडीण वर आणि गवंडी खाली, असं त्यानं एकदोनदा गाण्याच्या चालीवर म्हणून पाहिलं. गवंड्यानं खाली मान घालून वाळू चाळली. चाळणीवर उरलेले खडे त्यानं जरा जास्तच जोरात फेकले.

त्रास रस्त्याचा होता. ओळखीचं कुणी येताना दिसलं की तो वाळूच्या ढिगाआड जाई, पाणी प्यायचं निमित्त करी, कधी उगाच चपलेचा पट्टा बघत बसे. माणूस पुढे गेला की परत येई. तिला वरून सगळं दिसे. ती दिसलं नाही असं करी. नवऱ्याची लाज झाकायची सवय बायकांना कुठल्याच केंद्रात शिकावी लागत नाही.

एका दुपारी ट्रॅक्टरमधून त्याची जुनी मंडळी उतरली. कधीकाळी त्याच्या शब्दावर कामं धरणारे हे गवंडी आता लांब्याशी गप्पा मारायला सावलीत बसले. घमेलं जिथं होतं तिथं टाकून हा मागच्या नाल्यात उतरला, तो वर येईना. ऊन नुसतं भाजत होतं. तिच्याजवळचा माल संपला. खाली कालवून ठेवलेल्या मालाचा ढीग पांढरट पडायला लागला. तिनं मान वळवून नाल्याकडे पाहिलं. हाक मारली असती तर तो आला असता, आणि सावलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या असत्या. तिनं शब्द दिला होता. ती खाली उतरली.

माल आवळला होता. कालवलेला माल वेळेत संपवायचा असतो. एकदा तो आवळायला लागला की वरून पाणी घालून उपयोग नसतो. दिसायला मऊ होतो, पण विटेला धरत नाही. गवंडी त्याला मेलेला माल म्हणतात. तिला हे मास्तरांनी शिकवलं होतं आणि त्याआधीपासून ठाऊक होतं. तरी तिनं बादली ओतली. भिंत थांबली तर बिगारी कुठे गेला म्हणून विचारणा होणार, मंडळी नाल्याकडे बघणार, आणि उद्यापासून तो यायचाच नाही. ह्या भीतीपोटी तिनं मेलेला माल वर चढवला आणि संध्याकाळपर्यंत त्यातच थरामागून थर रचले. ठेकेदार फेरी मारून गेला. आज भिंतीला चांगलीच उचल दिलीत वहिनी, असं कौतुकही करून गेला. तिनं मान न वळवता पुढची वीट टेकवली.

सकाळी गवंडी परांचीखाली उभा राहून भिंत बघत राहिला. मग खिळा घेऊन कालच्या एका सांध्यात फिरवला. पिठासारखा माल खाली सांडला. त्यानं दुसरा सांधा पाहिला, तिसरा पाहिला.

"कालचा माल मेलेला होता," तो म्हणाला.

"हो."

"तुला कळलं होतं?"

"कळलं होतं. तुम्ही नव्हता."

"हाक मारायची."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यालाही आपलं बोलणं ऐकू आलं असावं. त्यानं हातातला खिळा खाली टाकला.

लांब्या आपल्या परांचीवरून हे बघत होता. त्यानं सल्ला दिला, गिलाव्याखाली कोण बघायला येतंय, राहू दे. त्यात वाईट हेतू नव्हता. आजवर त्यानं स्वतः काय काय गिलाव्याखाली घातलं होतं ते त्याला ठाऊक. गवंडीणही हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, राहू द्या. पाडली तर मला पुन्हा भिंत मिळायची नाही."

"पलीकडून पोत्यांची थप्पी लागणार. खाली माणसं वावरणार," तो म्हणाला, आणि त्यानं डाव्या हातात हातोडा घेतला. डाव्या हाताला ते काम सवयीचं नव्हतं. पहिला घाव हुकला. दुसऱ्या घावाला वीट सुटून आली, अंगाला मालाचा कणही न लागता, कोरी. ते बघितल्यावर तिच्यानं राहवलं नाही. ती वर चढली आणि स्वतःच्या हातांनी विटा काढून खाली देऊ लागली. केंद्रात रोज पाडली होती, पण ती पाडण्यासाठीच बांधलेली. ही पाडताना तिला अंगावरचं कातडं सोलून निघाल्यासारखं वाटत होतं.

ठेकेदार आला तेव्हा कालची सगळी उचल जमिनीवर होती. त्याचा चेहरा उतरला. कुणाला विचारून पाडली, असं त्यानं तिलाच विचारलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात खालून गवंडी बोलला.

"माल मेला होता. तिची चूक नाही. बिगारी जागेवर नव्हता."

लांब्याची टकटक थांबली. बिगारी हा शब्द गवंड्यानं आजवर दुसऱ्यांसाठी वापरला होता, आणि तोही हाकलून देताना. त्याच्याकडे पाहून ठेकेदारही क्षणभर ओशाळला.

"म्हणजे तुम्ही," तो म्हणाला.

"म्हणजे मी."

ठेकेदारानं एक कोरी वीट पायानं उलटवून पाहिली. मग मान वर करून तिला म्हणाला, "वहिनी, गवंडी तुम्ही आहात. भिंत उद्यापर्यंत होती तिथं आणा. आणि हा बिगारी ठेवायचा की दुसरा बघायचा, ते तुम्ही ठरवायचं. पण मला आत्ता सांगा."

आता सगळ्यांचीच कामं थांबली होती. गवंडी खाली उभा होता, भुवयांवर विटेची भुकटी बसलेली, उजवा हात अंगाशी धरलेला. त्याची नजर भिंतीवर होती, तिच्यावर नव्हती. तिला त्याची इतकी कणव आली की चटकन उतरून त्याच्यापाशी जावं, सावलीत बसवावं, असं वाटलं. आजवर ती तेच करत आली होती. त्याची चूक बायको म्हणून पोटात घालणं सोपं होतं. पण मग तो बिगारीही उरला नसता आणि ती गवंडीही. दोघं ठेकेदाराच्या दयेवर जगणारी नवराबायको, एवढंच उरलं असतं.

"ठेवते," ती ठेकेदाराला म्हणाली. मग तिनं नवऱ्याकडे वळून, घरात कधी काढला नव्हता अशा आवाजात सांगितलं, "अहो, पण पुन्हा जागा सोडलीत तर दुसरा बिगारी बघीन."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. गवंड्याचा जबडा हलला. आता हा घमेलं टाकून चालू लागणार, असं तिला वाटलं; तिनं परांचीचा बांबू घट्ट धरला.

"नाही सोडणार," तो म्हणाला.

ठेकेदार निघून गेला. लांब्यानं थापी उचलली. गवंड्यानं वाळू ओढली, सिमेंट टाकलं, फावडं डाव्या हातानं धरून उजव्यानं नुसता आधार देत कोरडंच कालवलं आणि मधोमध आळं केलं. बादली उचलली आणि तसाच थांबला.

"माल कसा करू?" त्यानं मान वर न करता विचारलं. "घट्ट की सैल?"

बिगाऱ्यानं गवंड्याला रोज विचारायचा हा प्रश्न. तिनं तो त्याला लग्नापासून रोज विचारला होता आणि त्यानं धडपणे उत्तर कधीच दिलं नव्हतं. डोळे नाहीत का, म्हणून वसकन अंगावर यायचा. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. तिनं ते मनगटानं पुसलं, तिथलं सिमेंट डोळ्यात जाऊन झोंबलं.

"सैल करा," ती म्हणाली. "ऊन फार आहे. आणि आधी विटा भिजवून घ्या."

तो विटांवर पाणी मारायला गेला.